नाझिया हसन : डिस्कोयुगाचा अल्पायुषी स्वर

हिंदी चित्रपटसंगीतात काही गाणी अशी असतात की त्यांच्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा मोजावा लागतो. १९८० साली प्रदर्शित झालेल्या ‘कुर्बानी’तील ‘आप जैसा कोई’ हे त्यांपैकी एक. पडद्यावर झीनत अमान होती. आवाज मात्र मुंबईच्या पार्श्वगायनाच्या दुनियेत कुणीच पूर्वी ऐकलेला नव्हता. किंचित अनुनासिक, शास्त्रीय तालमीचा कोणताही संस्कार नसलेला तो आवाज लंडनमध्ये राहणाऱ्या एका पाकिस्तानी शाळकरी मुलीचा होता. तिचे नाव नाझिया हसन.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला. बालपण कराची आणि लंडन या दोन शहरांत विभागले गेले. संगीतकार सोहेल राणा यांच्या पाकिस्तान टेलिव्हिजनवरील मुलांच्या कार्यक्रमात ती आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब गात असत. गाणे हा तोवर हौसेचाच भाग होता. लंडनमध्ये एका मेजवानीच्या निमित्ताने निर्माता-दिग्दर्शक फिरोज खान यांच्याशी तिची भेट झाली आणि सारे चित्र पालटले. ‘कुर्बानी’चे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते, पण एका गाण्यासाठी खान यांना पाश्चात्त्य डिस्कोचा बाज हवा होता. ती जबाबदारी त्यांनी बिद्दू यांच्यावर सोपवली.

बिद्दू मूळचे बंगळुरूचे. लंडनमध्ये स्थायिक होऊन १९७४ च्या ‘कुंग फू फायटिंग’ या जगभर गाजलेल्या गाण्याचे निर्माते म्हणून त्यांनी नाव मिळवले होते. हिंदी चित्रपटाचे ध्वनिमुद्रण तेव्हा मोठ्या वाद्यवृंदावर उभे असे. बिद्दू यांच्या पद्धतीत मात्र ताल, बेस आणि सिंथेसायझर यांचे थर एकमेकांवर रचले जात आणि गायकाचा आवाज हा त्यांतलाच एक थर असे. त्यामुळे नाझियाच्या गळ्याची मर्यादाच तिचे बलस्थान ठरली. हरकती-मुरक्यांना तिथे वाव नव्हता. हवा होता सरळ, थंड आणि तरुण स्वर. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचे अधिराज्य असलेल्या त्या काळात या गाण्याने नाझियाला १९८१ मध्ये सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. तेव्हा ती अवघी १५ वर्षांची होती.

त्याच वर्षी बिद्दू यांच्या साथीने नाझिया आणि झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. झोहेबने चाली रचण्यातही वाटा उचलला होता. चित्रपटाच्या कुबड्यांशिवाय हिंदी-उर्दू पॉप संगीत घरोघरी पोहोचू शकते, हे या अल्बमने दाखवून दिले. लग्नाच्या वरातीपासून महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत त्याच्या कॅसेटी वाजू लागल्या. १९८२ मध्ये कुमार गौरव नायक असलेला ‘स्टार’ आला. चित्रपट पडला, पण त्यातील ‘बूम बूम’ गाजले. १९८४ च्या ‘यंग तरंग’मधील गाण्यांसाठी व्हिडिओ तयार करण्यात आले. दक्षिण आशियात तेव्हा ही कल्पना नवीच होती. ‘हॉटलाइन’ १९८७ मध्ये आला.

मायदेशात मात्र वाट सरळ नव्हती. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत दूरचित्रवाणीवरील संगीत-नृत्यावर कडक बंधने होती. मुलीने नाचत गाणे सत्ताधाऱ्यांना मानवणारे नव्हते. सीमेच्या एका बाजूला पुरस्कार आणि दुसऱ्या बाजूला संशय, अशा स्थितीत तिने गाणे सोडले नाही की वादही ओढवून घेतला नाही. झिया यांच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये शोएब मन्सूर यांच्या ‘म्युझिक ८९’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन नाझिया-झोहेब यांनी केले. ‘व्हायटल साइन्स’सारखे पाकिस्तानी बँड याच व्यासपीठावर दिसले. तिने चोखाळलेल्या वाटेवरून पुढची पिढी चालू लागली होती.

नाझियाने प्रसिद्धीलाच आयुष्य मानले नाही. लंडनमध्ये तिने व्यवसाय प्रशासन आणि अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले, कायद्याची पदवी मिळवली आणि १९९१ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांत काम सुरू केले. कराचीतील वंचित मुलांसाठी आणि अमली पदार्थांच्या विरोधात तिने काम केले. १९९२ चा ‘कॅमेरा कॅमेरा’ हा शेवटचा अल्बम याच मोहिमेशी जोडलेला होता. त्यानंतर ती गाण्यापासून दूर झाली. बिद्दू यांनी ‘मेड इन इंडिया’ हे गाणे आधी तिच्यासाठीच योजले होते, परंतु तिने ते नाकारले, असे सांगितले जाते. १९९५ मध्ये ते गाणे अलिशा चिनॉयच्या आवाजात आले आणि भारतीय पॉपच्या नव्या लाटेचे प्रतीक ठरले. ज्या बाजारपेठेची पायाभरणी नाझियाने केली, तिच्या भरभराटीच्या काळात ती स्वतः तिथे नव्हती.

१९९५ मध्ये तिचा विवाह झाला, पण तो सुखाचा ठरला नाही. कर्करोगानेही तिला गाठले. दीर्घ आजारानंतर १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. वय होते ३५. उत्तर लंडनमधील हेंडन येथे तिचे दफन करण्यात आले.

पाकिस्तान सरकारने २००२ मध्ये तिला ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान मरणोत्तर बहाल केला. मुंबईलाही तिचा विसर पडला नाही. २०१२ मध्ये करण जोहर यांच्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ नव्या साजात परतले. तिच्या मृत्यूच्या वेळी जेमतेम चालायला शिकलेली मुलेही मग त्या तालावर थिरकली. सीमेपलीकडील कलावंतांनी इथे गावे की नाही, यावर दोन्ही देशांत अनेकदा वाद झडले. पण कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या आणि मुंबईच्या चित्रपटामुळे नावारूपाला आलेल्या या मुलीच्या आवाजावर दोन्ही देशांतील एक अख्खी पिढी तरुण झाली, हे त्या वादांमुळे पुसले गेलेले नाही.