विश्लेषण : शेणगोळ्यांच्या प्रसंगापलीकडच्या सावित्रीबाई

दरवर्षी ३ जानेवारीला नऊवारी नेसलेल्या, कपाळावर आडवी चिरी आणि हातात पाटी-पुस्तक घेतलेल्या शाळकरी मुली सावित्रीबाई फुले म्हणून उभ्या राहतात. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग गावोगावी नेला. त्यात सावित्रीबाई प्रेक्षकांशी थेट बोलतात. मात्र शाळांमधल्या बहुतेक सादरीकरणांची धाव शेण-चिखल झेलत शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेपर्यंतच असते. त्यापुढच्या जवळपास पाच दशकांचे काय?

शिक्षिका कशा झाल्या?

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. अक्षरओळख सासरी, जोतीरावांकडून झाली. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षणही त्यांनी घेतले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात फुले दाम्पत्याने मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. भावकी व समाजाच्या दबावापुढे सासरे गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका झाल्या. १८५२ पर्यंत पुण्यात फुल्यांच्या पुढाकाराने मुलींच्या आणखी शाळा उभ्या राहिल्या होत्या.

शाळेपलीकडे काय केले?

१८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापला गेला. १८६३ मध्ये दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी ब्राह्मण विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. तिला दिवस गेले, तर जीव देणे किंवा मूल मारणे एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. या गृहात गुपचूप येऊन बाळंत होता येई. तिथली बाळंतपणे आणि मुलांचे संगोपन सावित्रीबाईंच्या अंगावर होते. काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८७६-७७ च्या दुष्काळात जुन्नर-ओतूर भागातील मदतकार्यातही त्या होत्या.

जोतीरावांनंतर नेतृत्व कोणाकडे?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. यशवंत दत्तक असल्याने अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. जो मान पुरुष वारसाचा मानला जाई, तो पत्नीने घेणे ही तेव्हाच्या पुण्यात अनोखी गोष्ट होती. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे चालवले. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पाटी-पुस्तक घेतलेल्या चित्रात हे अध्यक्षपद दिसत नाही.

शेवट कसा झाला?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. घरात रुग्ण सापडला की छावणीत नेतील, या भीतीने लोक आजार लपवत. यशवंतने हडपसरजवळ दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रुग्ण तेथे पोहोचवू लागल्या. मुंढव्यातील गायकवाड कुटुंबाच्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या.

आता प्रश्न कशाचा?

मोडकळीला आलेला भिडे वाडा दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर महापालिकेच्या ताब्यात आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. गंज पेठेतील फुले वाडा जतन झाला आहे, पण पहिल्या शाळेच्या मूळ भिंती आता नाहीत. जिथे वास्तू उरत नाही, तिथे पुढच्या पिढीला माणूस कळतो तो सादरीकरणातून आणि पाठ्यपुस्तकातून. म्हणूनच सावित्रीबाईंच्या भूमिकेतील मुलीच्या हाती पाटीबरोबर कधी टिटवे, तर कधी परिषदेचे अध्यक्षपदही यायला हवे.