सुमो नावामागचा माणूस : सुमंत मूळगावकर

सुमो म्हटलं की लंगोट लावलेला जपानी पैलवान डोळ्यांपुढे येतो. गाडीचं नावही त्याच्यावरूनच पडलं असेल, असं बहुतेकांना वाटतं. तो चौकोनी, रुंद आकार बघितला तर हे पटण्यासारखंही आहे. पण १९९४ साली टेल्कोनं ही गाडी बाजारात आणली तेव्हा सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकरच्या इंग्रजी स्पेलिंगातला ‘मो’ जोडून हे नाव केलं. कंपनीनं आपल्या माजी अध्यक्षाला दिलेला तो मान होता. ज्यांचं नाव गाडीला लागलं, त्यांनी मात्र ती कधी बघितली नाही. पाच वर्षं आधीच ते गेले होते.

हुबळी-धारवाडला या माणसाची आठवण काढायला दोन कारणं आहेत. पहिलं, धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत टाटा हिताचीचा कारखाना आहे. रस्ता नसेल तिथं चालणारी, माती-मुरूम उपसणारी एक्स्कॅव्हेटर तिथं तयार होतात. दुसरं कारण गॅरेजांमधलं. जुनी सुमो, ४०७ किंवा टाटाचा ट्रक घेऊन पंपवाल्याकडे जायचं आणि ‘थोडा पिकअप वाढवून द्या’ म्हणायचं, हा या भागातला जुना रिवाज आहे. कारखान्यानं दिलेल्या इंजिनातून आणखी ताकद काढायची. ती निघतेही. ती का निघते, याचं उत्तर शोधायला गेलं की मूळगावकरांच्या कामापर्यंत जावं लागतं.

सुमंत मूळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईतला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. परत आल्यावर त्यांच्या उमेदीची वर्षं गेली सिमेंटच्या धंद्यात, एसीसी कंपनीत. दुसऱ्या महायुद्धात बाहेरची यंत्रं येणं मुश्कील झालं, तेव्हा सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री इथंच करायच्या कामात ते पुढं होते. ट्रकशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता.

१९४९ साली ते टेल्कोत आले. टेल्को म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. १९४५ ला जमशेदपूरला सुरू झालेली ही कंपनी रेल्वेची वाफेची इंजिनं करायची, रोड रोलर करायची. नावातच लोकोमोटिव्ह होतं. गिऱ्हाईक एकच, रेल्वे. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाचं काय होतं ते कुठल्याही व्यापाऱ्याला सांगायला नको. वाफेचे दिवसही भरत आले होते.

१९५४ ला जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. तोंडावर तीन टोकांचा तारा, म्हणून लोक त्याला बेंझ लॉरीच म्हणायचे. करार करणं त्या मानानं सोपं होतं. अवघड होतं ते ट्रक इथला करणं. परकीय चलन कमी, म्हणून दरवर्षी आयात सुटे भाग कमी करून देशी भाग वाढवायचे होते. ओतकाम, फोर्जिंग, गिअर कापणं, उष्णता देऊन धातू कडक करणं, सगळं इथं उभं करायचं. डिझेल इंजिनातला सर्वात नाजूक भाग म्हणजे इंधन पंप आणि नोझल. त्यासाठी आपल्या राज्यात बंगळूरला १९५१ पासून मायको कंपनी होती, बॉशच्या तंत्रावर चालणारी. देशातल्या कित्येक ट्रकांचे पंप तिथूनच गेले.

जर्मन ट्रक जर्मन रस्त्यासाठी केलेला. इथं त्याच्या नशिबी धूळ, उन्हाळा, घाट आणि खड्डे. त्यात आपला मालक. भारतात ट्रक पुरा तयार असा विकला जात नसे. कंपनी चॅसी, इंजिन आणि पुढचं तोंड द्यायची, बस्स. बाकी केबिन आणि माल भरायचा सांगाडा मालकानं गावातल्या बॉडीवाल्याकडून लाकूड-पत्र्यात बांधून घ्यायचा. तिथं पहिली सूचना असायची ती पाटे वाढवायची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या जास्त घालायच्या. कागदावर जितके टन, त्यापेक्षा पुष्कळ जास्त माल भरायचा म्हणून. गाडी विकत घेतल्यावर ती आपल्या सोयीनं बदलून घेणं ही आजची फॅशन नाही. या देशात ट्रकधंदा त्याच पायावर उभा राहिला.

मूळगावकरांबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पुण्याच्या कारखान्यात असताना ते दुपारच्या जेवणाच्या वेळी गायब व्हायचे. डीलर लोक त्यांना मोठ्या हॉटेलात नेत असणार, अशी कुजबुज होती. कुणीतरी एकदा पाठलाग केला, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत बसलेले. टाटाच्या गाडीत काय चांगलं, काय वाईट ते विचारत होते. ही गोष्ट इतकी फिरली आहे की तिला आता दंतकथेचा रंग चढलाय, आणि मोठ्या माणसाभोवती अशा गोष्टी जमतातच. पण ती नेमकी याच माणसाला चिकटली, यात काहीतरी अर्थ आहे. गाडी कशी मोडते हे ऑफिसात कळत नाही. ते ड्रायव्हरला आणि मेस्त्रीला माहीत असतं.

त्यांचं खरं मोठं काम पुण्यातलं. १९६६ च्या सुमारास पिंपरी-चिंचवडच्या उजाड माळावर टेल्कोचं काम सुरू झालं. घाईघाईनं ट्रक काढायच्या भानगडीत न पडता आधी साच्यांची आणि मशीन टूलची शाखा, आणि पोरांना शिकवायची व्यवस्था उभी केली. ज्या यंत्रावर ट्रक बनणार ते यंत्रच आपण करायचं, असा तो हिशेब. पुण्यातून ट्रक निघायला १९७७ उजाडलं. दहा-अकरा वर्षं पैसा आणि माणसं गुंतवून विक्रीचा ट्रक नाही, हे आजच्या तिमाही निकालाच्या काळात कुठल्या संचालक मंडळाला झेपेल? जे. आर. डी. टाटांचा त्यांच्यावर पुरा भरवसा होता, म्हणूनच ते निभावलं. त्या माळावर झाडं लावली, पाणी साठवलं, तळं झालं, पक्षी यायला लागले. ते तळं सुमंत सरोवर म्हणून ओळखलं जातं.

दरम्यान १९६९ ला बेंझचा करार संपला. तारा गेला आणि टाटाचा ‘टी’ आला. वर्षभरात, १९७० ला, रेल्वे इंजिनांचं कामही बंद झालं. तोपर्यंत टेल्कोला स्वतःच्या बळावर ट्रक करता येत होता. १९६१ पासून श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला, ट्रक जाऊ लागले होते.

आता गॅरेजमधल्या त्या पिकअपचं. डिझेल इंजिनाची ताकद पंप प्रत्येक फटक्याला किती डिझेल सोडतो यावर ठरते. पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू असतो आणि कारखान्यातून त्याला सील मारलेलं येतं. पंपवाला सील तोडून तो थोडा फिरवतो. डिझेल वाढतं, ताकद वाढते. पण सिलिंडरमध्ये हवा तेवढीच. हवा पुरली नाही की उरलेलं डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. धुराबरोबर उष्णता वाढते. पिस्टनचं डोकं, रिंगा, हेड गॅस्केट यांच्यावर ताण येतो. टर्बो बसवला तर हवा जास्त मिळते, धूर कमी होतो. पण सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तो सोसायला क्रँक, बेअरिंग, हेडचे बोल्ट तसे लागतात.

जंगलात, चिखलात गाडी घालणाऱ्यांची गंमत वेगळीच आहे. दांडेलीकडे, घाटाच्या पट्ट्यात पावसाळ्यात फोर बाय फोर घेऊन जाणारे आधी मोठे टायर बसवतात. टायरचा घेर वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे गिअर उंच केल्यासारखंच होतं. चढावर इंजिन दमतं. मग दोष इंजिनाला, आणि गाडी पंपवाल्याकडे. खरं तर तिथं हवी असते कमी फेऱ्यांवरची ओढ आणि बुटका गिअर. वरच्या वेगाची ताकद तिथं काही उपयोगाची नाही. चांगला मेस्त्री हे सांगतो आणि गिऱ्हाईक गमावतो.

तरीही टाटाची जुनी इंजिनं हा जुलूम वर्षानुवर्षं सोसत आली. कारण ती मुळात जास्तीचं ओझं धरून, जाड हाताने केलेली होती. मालक जादा माल भरणार, ड्रायव्हर घाटात गाडी पिळणार, मेस्त्री पंप उघडणार, हे धरून चालल्याशिवाय या देशात ट्रक टिकलाच नसता. स्क्रू फिरवून मिळालेली ताकद म्हणजे जमशेदपूरच्या आणि पुण्याच्या लोकांनी सोडून ठेवलेली शिल्लक. पंपवाला ती काढून देतो. त्याची हुशारी नाकारायचं कारण नाही, पण खातं त्याचं नव्हे.

आणि ही शिल्लक फक्त इंजिनात होती. ब्रेक तेवढेच राहिले. पुढे, मूळगावकर गेल्यानंतरच्या खाणींच्या तेजीत, होस्पेट-बळ्ळारीचं लोहखनिज हुबळी-यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून किनाऱ्याला जायचं तेव्हा या भागानं त्याची किंमत बघितली आहे. चढायला ताकद वाढवता येते, पण उतरताना ती कामाची नाही. कायदाही या बाबतीत मोघम नाही. कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत पुन्हा स्पष्ट केलं.

मूळगावकरांच्या टेल्कोचं सगळंच कौतुक करावं असंही नाही. परवान्यांच्या राज्यात ट्रकच्या बाजारात मुख्य खेळाडू दोनच, टेल्को आणि अशोक लेलँड. गिऱ्हाइकानं पैसे भरून नंबर लावायचा. अशा बाजारात गाडी मजबूत झाली, पण ड्रायव्हरच्या सोयीकडे लक्ष द्यायची निकड कुणाला वाटली नाही. केबिन बॉडीवाल्यावर सोडलेली, उन्हाळ्यात इंजिनाची धग पायाशी, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढायचं. ढाब्यावर ड्रायव्हरांनी हेही नक्की सांगितलं असणार. त्यातलं ऐकून गाडीत उतरलेलं फार कमी.

परीक्षा आली ती ऐंशीच्या दशकात. सरकारनं हलक्या ट्रकांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, असे चौघे एकदम आले. देखण्या केबिन, हलकी इंजिनं, जपानी नाव. टेल्कोकडे त्या आकाराची गाडीच नव्हती. मूळगावकर तेव्हा ऐंशीच्या घरात पोचले होते. बाहेरचा भागीदार न शोधता पुण्यात स्वतःची गाडी करायचं ठरलं आणि १९८६ ला ४०७ आली. ती जपान्यांइतकी गुळगुळीत नव्हती. पण इथला मेस्त्री ती रस्त्याकडेला उघडून दुरुस्त करू शकत होता, आणि मालकानं जादा माल भरला तरी ती तक्रार करत नव्हती. पुढे काय झालं ते रस्त्यावर दिसतंच. डीसीएम टोयोटा देवूच्या हातात गेली, ऑल्विन निस्सान महिंद्रात विरली. आयशर टिकली, स्वराज माझदा नाव बदलून राहिली. ४०७ मात्र बेळगाव-हुबळी पट्ट्यात भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहत राहिली. दहा-अकरा वर्षं नुसती साचे करण्यात घालवली, त्याचा परतावा हा होता.

१९८८ ला टाटामोबाइल ही पिकअप आली. सुमो पुढे त्याच घराण्यातून निघाली. सुरुवातीच्या सुमोचं इंजिन दोन लिटरच्या आतबाहेरचं, टर्बोशिवायचं. दहा माणसं भरून चढावर ती दमायची, म्हणून पंपवाल्याची तिच्यावर विशेष नजर. धारवाडच्या एक्स्कॅव्हेटरचं मूळही त्यांच्याच कारकिर्दीत आहे. टेल्कोनं १९६१ पासून जमशेदपूरला खोदाईची यंत्रं केली, १९८४ ला हिताचीशी तांत्रिक करार केला. धारवाडचा कारखाना १९९९ चा.

त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. १९६३ ला त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. घरात पद्म पुरस्कार आधी त्यांच्याकडे आला, हे पुष्कळांना माहीत नसतं.

१९८८ च्या अखेरीस मूळगावकरांनी टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडे सोपवलं आणि १ जुलै १९८९ ला त्यांचं निधन झालं. पद्मभूषण जाहीर झालं १९९० ला. सुमोचं उत्पादन २०१९ ला थांबलं. हुबळीच्या जुन्या बाजारात ती अजून विकायला येते. घेणारा आधी बॉनेट उघडून पंपाचं सील जागेवर आहे का ते बघतो.