न्या. तय्यबजी आणि जामिनाचा दंडक

4 ऑगस्ट 1897 रोजी मुंबई उच्च न्यायालयात एका जामीनअर्जाची सुनावणी झाली. अर्जदार होते ‘केसरी’कार टिळक, आरोप राजद्रोहाचा. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला होता; पाठोपाठ उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीही तो नाकारला होता. पुण्यात रँडचा खून होऊन दीड महिनाही लोटला नव्हता. अशा वेळी सरकारची इतराजी पत्करणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. तरीही न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला.

तय्यबजींचा जन्म 1844 चा, मुंबईतील व्यापारी बोहरा कुटुंबातला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते 1867 मध्ये परतले. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयात भारतीय बॅरिस्टर दुसरा नव्हता. पुढे फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासमवेत त्यांनी मुंबईच्या सार्वजनिक जीवनाची धुरा वाहिली. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1895 मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि 1902 मध्ये हंगामी मुख्य न्यायाधीशपदही त्यांच्याकडे आले. 1906 मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

परंतु त्यांचे खरे स्मारक त्या एका आदेशात आहे. आरोप किती गंभीर, एवढ्यावरच ते थांबले नाहीत. आरोपी खटल्यास हजर राहील की नाही, हा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती मानला. खटल्यास अवकाश होता. तोवर आरोपीस कोठडीत ठेवले आणि पुढे तो निर्दोष ठरला, तर त्या दिवसांची भरपाई कोण करणार? शिवाय कोठडीतून बचावाची तयारी नीट होणे कठीण. सप्टेंबरात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली हे खरे. पण त्यामुळे जामिनाचा आदेश चुकीचा ठरत नाही. जामीन हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हेच.

दैवगती अशी की, 1897 मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे दिनशा दावर 1908 मध्ये स्वतः न्यायासनावर होते. टिळकांचा जामीन त्यांनी नाकारला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दंडक लिखित असला तरी तो तोलणारा हात माणसाचाच असतो.

या प्रश्नाला एक आर्थिक बाजूही आहे. टिळकांसाठी द्वारकादास धरमसींसारखे धनिक जामीनदार उभे राहिले. मोतीराम नावाच्या गवंड्याकडे मात्र दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून त्याची हमीही नाकारली गेली. 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात ही अट अन्यायाची ठरविली. तरीही 2022 अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदीच होते.

बेटेगावच्या रस्त्यावरून सकाळी तारापूरच्या कारखान्यांकडे जाणारे परप्रांतीय मजूर पाहिले म्हणजे हा आकडा जिवंत होतो. उद्या यांपैकी कोणावर बालंट आले, तर सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार तो या मुलखात आणणार कोठून? हजर राहण्याची खात्री पैशांतच मोजायची ठरवली, तर तय्यबजींचा दंडक श्रीमंतांपुरताच उरेल. तो गरिबालाही लागू करणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.