बार फुसका का जातो? सॅम्युअल कोल्ट आणि रिव्हॉल्व्हरच्या मिसफायरची गोष्ट

रिव्हॉल्व्हर म्हटलं की सॅम्युअल कोल्टचं नाव येतंच. पण फिरत्या सिलिंडरची कल्पना त्याच्या आधीपासून होती. कोल्टने आयुष्यभर झुंज दिली ती दुसऱ्याच प्रश्नाशी: चाप ओढला की बार उडालाच पाहिजे, आणि एका वेळी एकच उडाला पाहिजे. जखमी अस्वल अंगावर येत असताना शिकाऱ्याचा बार फुसका गेला, तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. आजच्या लेखात आपण कोल्टचं आयुष्य या एका बिघाडाच्या बाजूने पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ

कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आजच्यासारखं काडतूस घालत नसत. आपल्याकडे जिला ठासणीची बंदूक म्हणतात, तिच्याच जातीचं हे हत्यार. सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा घरं असतात. प्रत्येक घरात पुढून काळी दारू भरायची आणि तिच्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची. घराच्या मागे एक बारीक पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात. निपलवर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. टोपीच्या आत ठोका बसताच पेटणारं रसायन असतं.

घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरतो आणि जागेवर अडकतो. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ज्योत निपलच्या भोकातून आत जाते, दारू पेटते आणि गोळी सुटते. घोडा, टोपी, निपल, दारू अशी ही साखळी आहे. यातली एक कडी निसटली की झाला मिसफायर.

कलकत्त्याला निघालेलं जहाज

कोल्टचा जन्म १८१४ सालचा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. दारू आणि वीज यांचा नाद लहानपणापासूनच. १८२९ च्या ४ जुलैला त्याने तळ्यातला एक तराफा विजेच्या तारेने स्फोट करून उडवायचा कार्यक्रम ठेवला. स्फोट तर झाला, पण पाहायला आलेले लोक चिखलाने माखले आणि भडकले. त्या वेळी एलिशा रूट नावाच्या तरुण कारागिराने त्याला लोकांच्या तावडीतून वाचवलं, असं सांगतात. हे नाव लक्षात ठेवा.

१८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, कोल्ट बोस्टनहून कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज चाललं होतं कलकत्त्याला. त्या काळी हिंदुस्थानातल्या इंग्रजांकडे कोलियर नावाची चकमकीची रिव्हॉल्व्हर होती. तिचा सिलिंडर हाताने फिरवावा लागे. कोल्टने ती पाहिली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. या प्रवासातच त्याने लाकूड कोरून आपला पहिला नमुना बनवला. घोडा ओढताच सिलिंडर आपोआप फिरून बरोबर नळीसमोर थांबला पाहिजे, ही त्याची कल्पना.

पहिलंच पिस्तूल फुटलं

घरी परतल्यावर वडिलांनी पैसे दिले आणि हार्टफर्डच्या अॅन्सन चेस या कारागिराकडून दोन हत्यारं बनवून घेतली. रायफल चालली, पिस्तूल मात्र उडवताना फुटलं. वडिलांनी हात आखडता घेतला.

मग कोल्टने काय करावं? तो गावोगाव फिरला, स्वतःला डॉक्टर कूल्ट म्हणवून घेत लोकांना हसवणाऱ्या वायूचे प्रयोग दाखवू लागला. त्या तिकिटांच्या पैशांतून त्याने बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सनकडून सुधारलेले नमुने करून घेतले. १८३५ मध्ये इंग्लंडचं आणि १८३६ च्या २५ फेब्रुवारीला अमेरिकेचं पेटंट हातात आलं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कारखाना उभा राहिला. तेव्हा कोल्ट पुरता बावीस वर्षांचाही नव्हता.

पॅटर्सनचं काय चुकलं?

पॅटर्सन रिव्हॉल्व्हर पाच बारांचं होतं. सुरुवातीच्या नमुन्यात गोळी ठासायचा दांडा हत्याराला जोडलेलाच नव्हता, त्यामुळे भरताना नळी काढून हत्यार सुटं करावं लागे. आतले भाग नाजूक होते आणि संख्येनेही जास्त. १८३७ मध्ये अमेरिकन सैन्याने चाचणी घेतली आणि हे हत्यार फारच गुंतागुंतीचं आहे असं ठरवलं.

मिसफायरच्या उलटा बिघाडही होता. एका घराची ज्योत शेजारच्या घरात शिरली की दोन-तीन बार एकदम उडत. याला साखळी बार म्हणता येईल. घराच्या तोंडाशी घट्ट बसणारी गोळी आणि तिच्यावर चरबीचा थर, हा त्यावरचा साधा उपाय.

फ्लोरिडात सेमिनोल लोकांशी लढणाऱ्या फौजेने पन्नास रायफली घेतल्या, पण तेवढ्यावर कारखाना चालत नाही. १८४२ मध्ये पॅटर्सनला टाळं लागलं.

बिघाड शोधायचा कसा?

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा बार उडाला नाही, तर पहिलं काम काहीही न करण्याचं. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं. आत दारू धुमसत असेल तर बार उशिरानेही उडतो. ही वेळ गेली की मग एकच प्रश्न: टोपी फुटली का?

• टोपी फुटलीच नाही: दोष टोपीत किंवा टोपीच्या आधी आहे. बहुतेक वेळा टोपी निपलवर पूर्ण बसलेली नसते. घोड्याचा जोर तिला खाली सरकवण्यातच जातो आणि दुसऱ्या ठोक्याला ती फुटते. दुसऱ्या ठोक्यालाही फुटली नाही, तर घोड्याची स्प्रिंग सैल आहे का, किंवा जुन्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत अडकला आहे का, ते पाहायचं.

• टोपी फुटली, पण बार उडाला नाही: दोष टोपीनंतरच्या कडीत आहे. निपलचं भोक काजळीने बुजलंय, घरात तेल राहिलंय किंवा दारू दमट झालीय. म्हणूनच हत्यार भरण्याआधी रिकाम्या घरांवर नुसत्या टोप्या फोडून आतलं तेल जाळून टाकायची पद्धत होती.

• घोडा ओढला जात नाही किंवा सिलिंडर फिरत नाही: फुटलेल्या टोपीचा पत्रा यंत्रात पडला आहे, किंवा काळ्या दारूची काजळी सिलिंडरच्या दांड्यावर साचली आहे.

यातल्या ओलाव्याच्या प्रश्नावर कोल्टने कारखाना बुडाल्यावरही काम केलं. दारू कथलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून त्याने पाण्यात न भिजणारी काडतुसं बनवली आणि ती सरकारला विकली. पाण्याखालून जाणाऱ्या विजेच्या तारांवरही तो काम करत होता. १८४४ मध्ये त्याने पोटोमॅक नदीत अशा तारेने एक जहाज उडवून दाखवलं.

वॉकर आला आणि नशीब फिरलं

१८४४ मध्येच टेक्सासच्या रेंजर लोकांच्या एका छोट्या तुकडीने जुन्या पॅटर्सन रिव्हॉल्व्हरच्या जोरावर कितीतरी मोठ्या कोमांची टोळीला मागे रेटलं. एका माणसाच्या हातात लागोपाठ पाच बार, हे कोमांचींना अपेक्षितच नव्हतं. कोल्टच्या हत्यारावरचा भरवसा जसजसा वाढला, तसतशी त्याची किंमत तिथल्या मूळ रहिवाशांनी जिवानिशी मोजली.

त्या लढाईत सॅम्युअल वॉकरही होता. मेक्सिकोशी युद्ध पेटल्यावर कोल्टने त्याच्याशी संपर्क साधला. वॉकरने वापरणाऱ्याच्या नजरेतून सुधारणा सांगितल्या: बार सहा हवेत, हत्यार दणकट हवं, चापाला कडं हवं आणि ठासायचा दांडा जोडलेलाच हवा. १८४७ मध्ये सरकारने एक हजार नग मागवले. कोल्टकडे स्वतःचा कारखाना नव्हता, म्हणून एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात ते बनले.

हे वॉकर रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचं होतं. त्यातही दोष निघाले. एका घरात जवळपास चार ग्रॅम दारू मावायची आणि तेव्हाचं लोखंड ती पेलायचं नाही, त्यामुळे काही सिलिंडर फुटले. धक्क्याने ठासायचा दांडा खाली पडून सिलिंडर अडकायचा. लोक तो चामड्याच्या वादीने बांधून ठेवत. १८४८ च्या ड्रॅगून नमुन्यात कोल्टने सिलिंडर आखूड केला, दारू कमी केली आणि दांड्याला पक्की खिटी दिली. वापरणाऱ्यांची तक्रार ऐकायची आणि पुढच्या नमुन्यात ती दूर करायची, ही त्याची पद्धत इथे स्पष्ट दिसते.

१८४९ मध्ये कारखान्याची सूत्रं त्याने एलिशा रूटकडे दिली. हो, तोच तळ्याकाठचा रूट. त्याने बरंचसं हातकाम यंत्रांवर आणलं. सुटे भाग अधिक एकसारखे होऊ लागले.

कोल्टने न सोडवलेली कडी

टोपी, दारू आणि गोळी वेगवेगळी भरायची आहे तोवर ओलावा, तेल आणि सैल टोपी हे धोके राहणारच. यावरचा खरा तोडगा म्हणजे तिन्ही एकाच धातूच्या कवचात बंद करणं, आणि ते काडतूस मागून भरता येईल असा आरपार भोकांचा सिलिंडर. तसल्या सिलिंडरचं पेटंट १८५५ मध्ये रोलिन व्हाइटने घेतलं. तो कोल्टच्याच कारखान्यात ठेकेदार होता. पण ते पेटंट वापरलं स्मिथ अँड वेसन कंपनीने, आणि १८५७ मध्ये तिचं काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं.

कोल्ट शेवटपर्यंत टोपीच्या रिव्हॉल्व्हरवरच राहिला. त्याला मागणी भरपूर होती. यादवी युद्ध तोंडावर आलं तरी उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे त्याचा माल जात होता. १८६२ च्या १० जानेवारीला, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. व्हाइटचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि १८७३ मध्ये कोल्ट कंपनीचं काडतुसाचं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर आलं. त्यात निपल नव्हतं, सुटी टोपी नव्हती, सुटी दारूही नव्हती. कोल्ट ज्या कड्या वीस-पंचवीस वर्षं दुरुस्त करत बसला, त्या या नमुन्यात उरल्याच नाहीत.