शिंपीणबाईंचं बोलणं मनावर घेणारे डॉक्टर: आल्ड्रेड वॉर्थिन

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या बाईच्या गाठीचा तुकडा तपासून तिच्या मुलाबाळांना धोका आहे का, याचा अंदाज आज बांधता येतो. या तपासणीच्या मुळाशी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले एक पॅथॉलॉजिस्ट आहेत.

आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांचा जन्म 1866 साली इंडियाना राज्यातल्या ग्रीन्सबर्ग इथं झाला. आधी ते संगीत शिकले, मग वैद्यकाकडे वळले. 1891 मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे अॅन आर्बरच्या विद्यापीठात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक. लाळग्रंथीच्या एका गाठीला आजही त्यांचं नाव आहे.

1895 मध्ये त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या पॉलीन ग्रॉस खिन्न दिसल्या. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आपल्या घराण्यात माणसं आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनंच जातात, आपलंही तसंच होणार. दुसऱ्या कुणी बाईंची समजूत घालून विषय संपवला असता. वॉर्थिन यांनी त्यांच्याकडून नातेवाइकांची माहिती मिळवत वंशावळ मांडायला घेतली. कोण कशानं गेलं, हे पॉलीन यांना ठाऊक होतं. खरं तर अर्धं संशोधन त्यांचंच.

1913 मध्ये वॉर्थिन यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. घराण्याला नाव दिलं ‘फॅमिली जी’. पॉलीन 1919 साली गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनंच गेल्या. वॉर्थिन यांच्या विचारांची एक बाजू मात्र खटकते. माणसांची ‘चांगली’ पैदास करण्याच्या तेव्हाच्या युजेनिक्सच्या खुळाचे ते समर्थक होते.

1931 मध्ये त्यांचं निधन झालं. कॅन्सर आनुवंशिक असू शकतो, हे मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. 1960 च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांना अशीच घराणी सापडली, तेव्हा वॉर्थिन यांच्या विभागात जपलेली कागदपत्रं त्यांच्या हाती आली. म्हणून या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. वॉर्थिन यांचं नाव मागे पडलं. 2000 च्या सुमारास फॅमिली जीमधला दोष सापडला, तो एमएसएच2 या जनुकात. या घराण्याच्या नऊशेहून जास्त वंशजांची नोंद झाली आहे.

हे जनुक पेशीतल्या डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करतं. अशी मुख्य चार प्रथिनं आहेत: एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये जपतात. त्याच्या पातळ कापांवर ‘आयएचसी’ तपासणी केली की यातलं एखादं प्रथिन गायब आहे का ते दिसतं. गायब असलं म्हणजे आजार आनुवंशिकच, असं नाही. एमएलएच1 बहुतेकदा गाठीतल्याच बदलामुळे बंद पडलेलं असतं. ते आधी पाहतात, मग गरज असेल तर रक्ताची जनुकीय तपासणी. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण तीन बायकांमध्ये लिंच सिंड्रोम निघतो.

वॉर्थिन यांचं सगळं काम पॉलीन यांच्या आठवणीवर उभं राहिलं. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर ती सोय कुठली? आजी पोटात गाठ होऊन घरीच गेली, एवढंच माहीत असतं. गाठ कशाची, हे कुठल्या कागदावर नसतं. तिथं घराण्याचा इतिहास विचारून फारसं हाती लागत नाही. ब्लॉकला मात्र आजीचा आजार माहीत असावा लागत नाही. नंदुरबारला किंवा सुरतेला पिशवी काढली असेल, तरी तो ब्लॉक मागून घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

रक्तात दोष सापडला, तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. भावंडांनाही तपासणी सुचवतात. दोष असलेल्यांची ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी केली, तर आतड्यातली गाठ कॅन्सर होण्याआधीच काढता येते. पॉलीन यांच्या भावंडांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.