डोली खांद्यावर घेतलेले बॅरिस्टर



२ ऑक्टोबर जवळ आला की आपल्याकडे भाषणांची तयारी सुरू होते. चरखा, दांडीयात्रा, तीन माकडं, गोल चष्मा. मुलं तीच चार वाक्यं पाठ करतात, आपणही तीच दुरुस्त करतो. मागे शाळेत प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक दाखवायला १०८ची गाडी आली होती. मुलांनी स्ट्रेचर ओढून पाहिलं, ऑक्सिजनचा सिलेंडर पाहिला. मग एका मुलानं विचारलं, सर, गाड्या नव्हत्या तेव्हा जखमी माणसाला कोण न्यायचं? मी म्हटलं, माणसंच न्यायची, खांद्यावरून. आणि त्यातला एक माणूस तुझ्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याला ते खरं वाटेना. घरी येऊन विचार केला, की ही गोष्ट आपण कधी नीट सांगतच नाही. म्हणून हा लेख.

शुश्रूषेची सुरुवात राजकोटच्या घरातच झाली. मोहनचे वडील करमचंद गांधी दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. शाळेतून आल्यावर जखम धुणं, पट्टी बदलणं, औषधं खलून देणं, रात्री पाय चेपणं हे सगळं हा मुलगा करायचा. वय फक्त सोळा. ज्या रात्री वडील गेले त्या रात्री काकांनी त्याला पाय चेपण्यापासून सुट्टी दिली, तो आपल्या खोलीत गेला, आणि काही मिनिटांतच नोकर दार ठोठावत आला. शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो ही बोच गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणानं लिहून ठेवली आहे. पुढे आयुष्यभर आजारी माणूस दिसला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे, त्याचं मूळ इथे असावं असं मला वाटतं. हा माझा अंदाज, बरं का.

बॅरिस्टर होऊन ते १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. डर्बनला वकिली जोरात चालू असताना एकदा एक कुष्ठरोगी दारात आला. त्याला नुसतं जेवण देऊन वाटेला लावणं त्यांना जमेना. त्याला घरात ठेवून घेतलं, जखमा धुतल्या, आणि मग सरकारी इस्पितळात पाठवलं. पण तेवढ्यानं समाधान होईना. डॉ. बूथ नावाचे एक मिशनरी डॉक्टर होते. पारशी रुस्तमजींच्या देणगीतून त्यांच्या देखरेखीखाली एक छोटा धर्मार्थ दवाखाना सुरू झाला. गांधीजी तिथे रोज तास-दोन तास कंपाउंडर म्हणून जाऊ लागले. काम काय? रोग्याची तक्रार ऐकायची, ती डॉक्टरांना नेमकी सांगायची, आणि लिहून दिलेलं औषध तयार करून द्यायचं. रोगी बहुतेक गिरमिटिये, म्हणजे करार करून आणलेले तमिळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानी मजूर. नावाजलेला वकील सकाळी बाटल्या भरतोय हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. कोर्टाचं काम त्यांनी तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्यांवर सोपवलं होतं.

हे शिक्षण लवकरच कामी आलं. ऑक्टोबर १८९९ मध्ये इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध पेटलं. गांधीजींची मनातली सहानुभूती बोअरांकडे होती. तरीही त्यांनी इंग्रजांना मदत करायचं ठरवलं. त्यांचा हिशेब असा होता, की आपण ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागतो, तर संकटाच्या वेळी प्रजेचं कर्तव्यही केलं पाहिजे. शिवाय नाताळमधले गोरे सतत टोमणा मारायचे, की हे हिंदी लोक फक्त पैसा कमवायला आलेत, वेळ आली तर हे घरात लपतील. तो टोमणा खोटा पाडायचा होता. आपल्याच काही मंडळींना हे पटलं नाही. ज्यांच्याकडून रोज अपमान होतो त्यांच्यासाठी जीव धोक्यात का घालायचा, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

सरकारनं आधी नकारच दिला. पण नकार आला म्हणून ही मंडळी हात बांधून बसली नाहीत. डॉ. बूथ यांच्याकडे प्रथमोपचार आणि शुश्रूषेचे धडे सुरू झाले. प्रकृती धडधाकट असल्याचे दाखले घेतले. म्हणजे बोलावणं येण्याआधीच पथक शिकून तयार! शेवटी रणांगणावरची माणसं कमी पडायला लागली तेव्हा परवानगी मिळाली. सुमारे ११०० जणांची तुकडी उभी राहिली. त्यातले ३०० च्या आसपास स्वतंत्र हिंदी आणि बाकीचे सगळे गिरमिटिये. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एका पंगतीत. डॉ. बूथ स्वतः बरोबर निघाले. आपण नेहमी एकट्या गांधीजींचंच नाव घेतो, पण ओझं वाहणारे खांदे बहुतांशी त्या मजुरांचे होते, आणि त्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. मुलांना सांगताना हे वाक्य गाळू नका.

१५ डिसेंबर १८९९ ला कोलेन्सोच्या लढाईत इंग्रजांचा मोठा पराभव झाला, आणि तुकडी नेमकी त्याच सुमारास तिथे पोचली. पोचल्या पोचल्या कामाला जुंपली. सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांचा तरुण मुलगा या लढाईत गेला. त्याचं शव रणभूमीवरून नेण्याचं काम याच तुकडीनं केलं.

आता स्ट्रेचर नेणं म्हणजे काय हे जरा समजून घेऊ, कारण आपल्याला ते फार सोपं वाटतं. स्काउटच्या तासाला मुलांना दोन काठ्या आणि सतरंजी देऊन बघा. चौघं पाऊल मिळवून चालले की डोली झुलते, म्हणून पावलं मुद्दाम वेगवेगळी टाकावी लागतात. सपाटीवर रोग्याचे पाय पुढे, चढावर डोकं पुढे. हाड मोडलेल्या माणसाला एकेक हिसका किती महाग पडत असेल! आणि हे मैदानावर चार फेऱ्या मारण्याइतकं नव्हतं. या तुकडीला जखमींना घेऊन दिवसाला २० ते २५ मैल चालावं लागे. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ३२ ते ४०. नाताळचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो, हेही भूगोलाच्या तासाला जोडता येईल.

तुकडीच्या अटीत एक गोष्ट होती: गोळीबाराच्या टप्प्यात जायचं नाही. पण जानेवारी १९०० मध्ये स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवर इंग्रजांची वाताहत झाली. हजाराहून जास्त जखमी. तेव्हा जनरल बुलर यांचा निरोप आला, की तुम्ही पुढे यायला बांधील नाही, पण आलात तर सरकार आभारी राहील. पथकाला मागे राहायचंच नव्हतं. ती गोळीबाराच्या टप्प्यात गेली. जनरल वुडगेट यांच्यासारखा मोठा अधिकारीही त्यांनी खांद्यावरून नेला. वुडगेट मात्र पुढे मार्चमध्ये त्या जखमांनी वारले. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, पोचवलेला प्रत्येक माणूस वाचतो असं नसतं.

सगळं मिळून सुमारे सहा आठवडे हे काम चाललं. पुढाऱ्यांना पदकं मिळाली.

घरी परतल्यावर काही महिन्यांनी, मे १९०० मध्ये, कस्तुरबांना अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, सुईणीला आणायलाही वेळ नव्हता. गांधीजींनी बाळंतपणावरचं एक गुजराती पुस्तक आधीच बारकाईनं वाचून ठेवलं होतं. धाकट्या देवदासचा जन्म त्यांनी स्वतःच्या हातानं पार पाडला. आपले काही पालक हसतील, पण १०८च्या गाडीत वाटेतच बाळंतपण करावं लागणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे ऐकून हसू येणार नाही.

मार्च १९०४ मध्ये जोहान्सबर्गला फुप्फुसाचा प्लेग आला. एकाच वेळी २३ हिंदी मजूर आजारी पडले. मदनजित नावाच्या कार्यकर्त्यानं एका रिकाम्या घराचं कुलूप फोडलं आणि सगळ्यांना आत ठेवलं. गांधीजी, त्यांच्या कचेरीतले चार तरुण कारकून आणि डॉ. गॉडफ्रे यांनी रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेनं एक रिकामं गोदाम दिलं, एक नर्स दिली. त्या गोदामात जवळजवळ सगळेच रोगी दगावले, आणि ती नर्ससुद्धा प्लेगनं गेली. गांधीजी आणि ते कारकून वाचले. का वाचले, ते सांगता येत नाही.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. १९०६ ची अवघड आहे. नाताळमध्ये नव्या डोईपट्टीविरुद्ध झुलू लोकांनी बंड केलं. गांधीजींनी पुन्हा तुकडी उभी केली, यावेळी फक्त २४ जणांची. चार गुजराती, एक पठाण, बाकीचे बहुतेक दक्षिणेकडचे जुने गिरमिटिये. गांधीजींना सार्जंट मेजरचा हुद्दा मिळाला. अंगावर साम्राज्याचा गणवेश, आणि समोर ज्यांचा देश त्यांची कत्तल. त्या काळात त्यांच्या लिखाणात आफ्रिकी लोकांबद्दल तुच्छतेचे उल्लेख आहेत, हेही लपवण्यात अर्थ नाही. नववी-दहावीची मुलं इंटरनेटवर वाचतातच. आपण आधी सांगितलेलं बरं.

पण मैदानात गेल्यावर त्यांना दिसलं ते वेगळंच होतं. हे युद्ध नव्हतंच. जखमी म्हणून समोर आलेले बहुतेक झुलू लढाईत घायाळ झालेले नव्हते. संशयावरून पकडून त्यांना फटके मारले होते, आणि त्या वळांच्या जखमा उपचाराविना चिघळल्या होत्या. गोऱ्या परिचारिका त्यांना हात लावायला तयार नव्हत्या. तिथल्या डॉक्टरांना हिंदी तुकडी आल्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच पट्ट्या आणि जंतुनाशक औषधं हातात दिली. जखमा धुताना गोरे शिपाई कुंपणापलीकडून डोकावायचे, हे काम सोडा म्हणून सांगायचे, झुलूंना शिव्या द्यायचे. भाषा कळत नव्हती, तरी झुलूंच्या चेहऱ्यावरची कृतज्ञता वाचता येत होती, असं गांधीजींनी नोंदवलंय. गोऱ्या शिपायांची औषधं करून देण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं, आणि ते सहज जमलं, कारण बूथ यांच्या दवाखान्यातली ती बाटल्या भरण्याची उमेदवारी.

कधी कधी दिवसाला ४० मैल चाल व्हायची. निर्जन डोंगर, तुरळक झुलू वस्त्या, खांद्यावर डोली. याच वाटचालीत त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा फेरविचार केला आणि ब्रह्मचर्याचा निश्चय केला. जुलैत तुकडी मोडली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात ती प्रसिद्ध सभा झाली, जिथून सत्याग्रहाची सुरुवात मानतात. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. मध्ये फक्त दोन महिने आहेत, एवढं फळ्यावर लिहून दाखवायला हरकत नाही.

१९१४ मध्ये ते लंडनला पोचले तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांना जमवून पुन्हा एक पथक. सुमारे ८० जण, सहा आठवड्यांचा प्रथमोपचाराचा वर्ग, शिकवायला डॉ. कँटली, म्हणजे चीनच्या सन यत्-सेन यांचे शिक्षक. शेवटी परीक्षा झाली आणि एक सोडून सगळे पास! पंचेचाळिशीचे गांधीजी विद्यार्थ्यांबरोबर बाकावर बसून शिकत होते. पण बरगड्यांच्या दुखण्यानं त्यांनाच अंथरूण धरायला लावलं आणि ते हिंदुस्थानात परतले.

१९२० च्या १ ऑगस्टला त्यांनी व्हाइसरॉयला कळवून बोअर युद्धाचं पदक, झुलू बंडाचं पदक आणि कैसर-ए-हिंद सुवर्णपदक परत केलं. जालियनवाला आणि खिलाफत प्रकरणानंतर ती अंगावर बाळगणं त्यांना शक्य नव्हतं. पदकं गेली, शुश्रूषा सुटली नाही. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्याच आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ऐन वेळी वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात कर्नल मॅडॉक यांनी ती पुरी केली. (पुण्यातल्या शिक्षकांनी हा प्रसंग जरूर सांगावा, मुलं कान टवकारतात.)

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे मोठे पंडित, पण कुष्ठरोगानं ग्रासलेले. आश्रमात त्यांना ठेवावं की नाही, असा प्रश्न होता. गांधीजींनी आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी कुटी बांधवून घेतली. देशाचं राजकारण एका बाजूला चालू असे, आणि हे सत्तरीचे गृहस्थ शास्त्रीबुवांच्या अंगाला तेल चोळत बसलेले असत. त्या प्रसंगाचा फोटो आहे. सहल सेवाग्रामला गेली, तर बापूकुटी पाहून लगेच बसकडे वळू नका. परचुरे कुटीही तिथेच आहे.