पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच अंगणात नेली

बेळगावात कन्नड पाटीवर तो शब्द आहे, गोव्यात आहे, बडोद्यात गुजराती वळणाने आहे आणि हैदराबादच्या तेलुगू पाटीवरही आहे: अंगणवाडी. भाषेवरून आपल्याकडे कशाकशावर वाद झाले, पण या एका शब्दाला कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. बहुतेकांना तो कुठल्यातरी सरकारी कागदातून आला असं वाटतं. खरं तर तो डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात एका अडचणीतून निघाला, आणि ती अडचण ताराबाई मोडक यांच्यापुढे उभी राहिली होती.

१९ एप्रिल १८९२ हा ताराबाईंचा जन्मदिवस. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं, त्यामुळे मुलीने शिकावं यासाठी घरात भांडावं लागलं नाही. १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी हातात आली. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं, आणि १९२१ मध्ये ते मोडलंही. घटस्फोटित बाई, पदरात लहान मुलगी, आणि साल १९२१. एवढं सांगितलं की पुढचं वाचकांनी समजून घ्यावं.

त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता, बंगल्यातली नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. मुलांना न मारता, परीक्षेचा धाक न घालता शिकवता येतं या एका वेडाने त्यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. पद्धत मारिया माँटेसरी यांची.

आता माँटेसरी पद्धत म्हटलं की आजही डोळ्यासमोर येतात त्या जास्त फी घेणाऱ्या शाळा. मूळ गोष्ट उलट आहे. माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह १९०७ मध्ये काढलं ते रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत. भारतात येताना ती पद्धत महागड्या लाकडी साहित्यासकट आली आणि साहजिकच ज्यांना परवडेल त्यांच्या घरात शिरली. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई आणि ताराबाईंनी ती जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा फारशा पसंत नव्हत्या. भावनगरात मात्र लोककथा, लोकगीतं, नाटक यांना मोठी जागा मिळाली. मूल सौराष्ट्रातलं आहे, तर त्याला सौराष्ट्रातलीच गोष्ट हवी, एवढा साधा विचार. बाहेरून आलेला अभ्यासक्रम इथल्या मातीत लावायचा तर काय ठेवायचं आणि काय बदलायचं, याचे पहिले धडे ताराबाईंनी इथे गिरवले. तेही गुजरातीतून. मराठी घरातली बाई गुजरातीत शिकवत होती, लिहीत होती, शिक्षकांना घडवत होती.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका गुजरातीत निघत होती, तिची मराठी आवृत्ती १९३३ मध्ये सुरू झाली. पालकांनी मुलाला का मारू नये, जेवताना जबरदस्ती का करू नये, असल्या विषयांवर ताराबाई त्यात वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे बालवर्गाबरोबर शिक्षिकांचं प्रशिक्षणही होतं. १९३९ मध्ये गिजुभाई गेले, आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला.

दादरचं काम चांगलं चाललं होतं, पण तिथे येत होती ती पांढरपेशांची मुलं. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न गांधीजींच्या वर्तुळात तेव्हा जोरात होता. बालमंदिराचा खर्च खेड्याला झेपणारा नाही, हा आक्षेपही होता, आणि तो खोटा नव्हता. एका वर्गाचं साहित्य घ्यायला जेवढे पैसे लागत, तेवढ्यात खेड्यातली अख्खी शाळा चालली असती. जमाखर्च मांडणाऱ्या कुणालाही हे कळतं. ताराबाईंनाही कळलं.

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. बालविधवा, पुढे जिद्दीने शिकलेल्या, ताराबाईंपेक्षा १८ वर्षांनी लहान. पुढची सगळी गोष्ट या दोघींची आहे. एकटीच्या नावावर ती मांडणं बरोबर होणार नाही.

तेव्हाचा डहाणू-उंबरगाव भाग म्हणजे सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदारांचं राज्य. लग्नाला कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोने मालकाकडे राबायचं, अशा वारल्यांना लग्नगडी म्हणत. याच १९४५ मध्ये, याच मुलखात, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव पेटला. अशा ठिकाणी दोन बायका तीन ते सहा वर्षांच्या पोरांना खेळवायला आल्या होत्या.

बोर्डीत आधी काढली ती गावातली मध्यवर्ती बालवाडी. ठरलेली जागा, ठरलेली वेळ. गावातली मुलं यायला लागली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची येईनात. इथे बहुतेक शाळा काय करतात ते सर्वांना माहीत आहे: पटावर गैरहजर लिहितात आणि पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असा शेरा मारतात. ताराबाईंनी मुलं का येत नाहीत ते पाहिलं. पाडा लांब. आईबाप पहाटे कामाला गेलेले, सोडायला माणूस नाही. अंगावर कपडा नाही म्हणून लाज. गावातल्या मुलांशेजारी बसायची भीती. वेळ शाळेच्या सोयीची, पाड्याच्या नाही.

मग बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाचं तरी सारवलेलं अंगण, नाहीतर झाडाखालची जागा. वेळ मुलं मोकळी असतील ती. भिंती नसल्याने आया, म्हाताऱ्या येता-जाता बघत, आणि बघता बघता त्यांचंही शिक्षण होई. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. शब्द असा झाला.

जागा बदलली तसा अभ्यासक्रमही बदलला. पहिला तास आंघोळीचा! अंग धुणं, केस विंचरणं, नखं कापणं, कपडा स्वच्छ करणं. शहरात ही आईची कामं, म्हणून शाळेच्या वेळापत्रकात नसतात. इथे आई मजुरीला गेलेली, म्हणून ती वेळापत्रकात आली. माँटेसरीच्या लाकडी साहित्याऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं. लहानमोठं ओळखायला, रंग लावायला, मोजायला जे लागतं ते समुद्रावर आणि रानात फुकट पडलेलं होतं. तत्त्व मूळचंच राहिलं: मुलाने हाताने करावं, आपल्या गतीने करावं. बदलली ती वस्तू आणि तिची किंमत. पद्धत बदलली की ती पातळ होते, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आताही भेटतात. त्यांनी शंभर रुपयांची पेटी आणि फुकटचे शिंपले यांनी मूल नेमकं काय वेगळं शिकतं, ते दाखवावं.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम जवळच्या कोसबाड टेकडीवर हललं, आणि तिथे अडचणी आणखी नव्या निघाल्या. आदिवासी मुलं बालवाडीत रमली तरी पुढच्या प्राथमिक शाळेत टिकत नव्हती. मुलगी आठ वर्षांची झाली की कडेवर धाकटं भावंडं यायचं. ते टाकून ती शाळेत कशी येणार? मुलगा त्याच वयात गुरांमागे जायचा. कागदावर दोघेही शाळाबाह्य.

यावर निघाली विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने भावंडाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. तिन्ही वयांची मुलं एकमेकांच्या नजरेसमोर, त्यामुळे रडारड कमी. गुराख्यांसाठी कुरणशाळा: गुरं चरतात तिथे शिक्षकाने जायचं. दिवसा वेळच नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. यातलं काहीही मोठं शास्त्र नाही. पण अभ्यासक्रम आखताना मुलाच्या कडेवरचं मूल आणि त्याच्या हातातली काठी हिशेबात धरणारी माणसं आजही शोधावी लागतात.

भाषेचाही अडथळा होता. पुस्तकातली मराठी आणि वारली पोराच्या तोंडची बोली यांत बरंच अंतर. सीमाभागात आणि बृहन्महाराष्ट्रात घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी, हे वाचकांना नवं नाही. कोसबाडला शिक्षिकांना मुलांची बोली समजून घ्यावी लागली. आपलं बोलणं चुकीचं आहे असं तीन वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी वाटलं, तर दुसऱ्या दिवशी ते येत नाही.

आणि शिक्षिका तरी कुठून आणायच्या? शहरातल्या शिकलेल्या बाया पाड्यावर राहायला तयार नसत. म्हणून बालसेविका घडवण्याचं काम बालवाडीइतकंच महत्त्वाचं ठरलं. ही बाजू अनुताईंनी मोठ्या प्रमाणावर सांभाळली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. योजनेत सेवा सहा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, रुग्णाला पुढे पाठवणं, आया-मुलींना पोषण व आरोग्याचं शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. ताराबाईंच्या अंगणात जे मुख्य होतं, ते सहातलं एक झालं. आहार आणि लसीने लाखो मुलं जगली, ते काम कमी लेखायचं कारण नाही. पण सेविकेच्या दिवसातला किती वेळ वजनाच्या नोंदी, रजिस्टर आणि आता मोबाईलमध्ये माहिती भरण्यात जातो, आणि खेळ-गाण्यांना किती उरतो, हे कुठल्याही गावात जाऊन बघता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आहे. त्याचा मोठा भार पुन्हा याच अंगणवाडीवर येणार आहे.

अनुताई कोसबाड सोडून गेल्या नाहीत. ताराबाईंनंतर जवळपास दोन दशकं त्यांनी तेच काम चालवलं. १९९२ मध्ये त्यांचंही निधन झालं. बोर्डी आणि कोसबाड आता पालघर जिल्ह्यात येतात.